नेट चालू नाही ना?

गेल्या दिवाळीत सांगलीला आईकडे गेले होते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ऑफिसची एक बैठक घरूनच उरकायची होती, म्हणून आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. मधेच मान वर केली तेव्हा आई दारात उभी दिसली. तिने काही विचारले नाही. माझ्याकडे आणि पडद्याकडे एकदा पाहिले आणि ती परत गेली. बैठक लांबली. पाऊण तासाने बाहेर आले तर आई फोनच्या स्टुलाशेजारी खुर्चीत बसलेली, एक हात रिसीव्हरवर, दुसऱ्या हातात चष्मा. स्वयंपाकघरात चकलीची भाजणी परातीत काढलेली होती आणि मोहन घालायचे तेवढे राहिले होते. "कुणाचा फोन यायचाय का?" मी विचारले. "नाही गं. ताईला विचारायचं होतं. भाजणी यंदा जरा जाड दळली गेलीय, मोहन किती घालू म्हणून." "मग लावायचास ना फोन." त्यावर ती म्हणाली, "तुझं नेट चालू होतं ना."

"आई, आता तसं नसतं गं. वीस वर्षं होत आली त्याला," असे मी म्हणाले, आणि म्हणताना आवाजाला आलेली धार माझी मलाच ऐकू आली. आईला ती जाणवली की नाही, कळले नाही, "असू दे. विचारलेलं बरं," एवढेच म्हणून ती नंबर दाबू लागली. वास्तविक २००६ सालच्या हिवाळ्यात आमच्या घरी ब्रॉडबँड आले, त्या दिवसापासून बोलणे आणि इंटरनेट एकाच तारेवर एकाच वेळी चालत आले आहे. आईला हे चांगले ठाऊक आहे. त्यानंतर तिने माझे, दादाचे, नातवंडांचे नेट चालू असताना शेकडो वेळा फोन केले आहेत. तरीही घर माणसांनी भरलेले असले आणि तिचे मन दुसऱ्या कामात गुंतलेले असले की तिचा हात रिसीव्हरवर जाऊन थांबतो. जुनी सवय, असे म्हणून मी ते सोडून देऊ शकले असते. पण त्या संध्याकाळी चकल्या तळताना, तेलाच्या वासात आणि सोऱ्याच्या करकर आवाजात, ती पाऊण तास काही न बोलता वाट पाहत बसली होती हेच पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

आमच्या घरी संगणक आला तो १९९९ साली. फोन मधल्या खोलीत, संगणक आतल्या खोलीत. दोन्हींच्या मधे भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून खिळे ठोकत नेलेली दहा मीटरची पांढरी वायर. या वायरीतून एका वेळी एकच काम होई. एक तर माणसाचा आवाज जाई, नाहीतर मोडेमचा, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेशी जोडणाऱ्या यंत्राचा. त्यामुळे जोडणी करण्याआधी घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे लागे, "कुणाला फोन करायचाय का? नेट लावतेय." अंघोळीला जाण्याआधी 'कुणाला गरम पाणी काढून घ्यायचंय का' असे विचारावे, तशातलाच तो प्रश्न होता. स्वयंपाकघरातून आई "थांब, दोन मिनिटं, वाण्याला सांगते" म्हणे, आणि तिची दोन मिनिटे संपेपर्यंत मी खुर्चीत बसून राही. 'नेट लावणे' हा शब्दप्रयोगही त्या दिवसांचाच. दिवा लावावा, विरजण लावावे, फोन लावावा, तसे नेट लावले जाई. म्हणजे ते लावेपर्यंत नसे आणि काढले की संपे.

आणि मग तो आवाज. आधी डायल टोनची संथ गुणगुण, मग आकडे दाबल्याचे भराभर सूर, पलीकडे एक रिंग, आणि त्यानंतर एकाएकी निघणारा लांब, उंच, सरळ स्वर. हा स्वर २१०० हर्ट्झचा असतो आणि त्याला एक नेमका अर्थ असतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. लांबच्या संभाषणात आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येऊ नये म्हणून टेलिफोनच्या जाळ्यात प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा असते. माणसांसाठी ती सोय आहे, मोडेमला मात्र अडथळा. तो उंच स्वर त्या यंत्रणेला बाजूला होण्याची खूण देतो. त्यानंतरची खरखर, ते घसरत जाणारे आवाज, ती वाळू ओतल्यासारखी फसफस म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांना ओरडून विचारणे होते की, तुझ्या-माझ्यामधली तार कुठे बरी आहे, कुठे वाईट आहे, किती वेगाने बोललेले तुला समजेल. तार कोरडी असेल तर पडद्याच्या कोपऱ्यातली दोन चिमुकली संगणकचिन्हे उजळून ४४,००० असा आकडा दिसे. पावसाळ्यात, खांबावरच्या जोडात पाणी शिरले की तोच आकडा ३१,२०० वर येई. बाहेरच्या हवेची बातमी मला खिडकीपेक्षा आधी त्या आकड्यातून कळायची.

मोडेमवर '५६ के', म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट, असे लिहिलेले होते, आणि तो आकडा कधीच का दिसत नाही हा प्रश्न मला तेव्हा फार छळत असे. त्याचे उत्तर मला फार सुंदर वाटते. टेलिफोनची वाट माणसाच्या बोलण्याच्या मापाने बांधलेली आहे. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्यातच आपले बोलणे समजण्याजोगे पोचते, म्हणून तेवढेच पुढे जाऊ द्यायचे. डिजिटल एक्स्चेंजमध्ये हा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिली जाते, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. यांतले सगळे बिट मोडेमच्या हाती विश्वासाने लागत नाहीत. प्रत्येक मोजणीतले सातच धरले तर ५६,००० उरतात. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्धच करून ठेवले होते की ठरावीक रुंदीच्या आणि ठरावीक गोंगाटाच्या वाटेवरून माहिती नेण्याला एक मर्यादा असते आणि कितीही हुशारी केली तरी ती ओलांडता येत नाही. आमचा मोडेम त्या मर्यादेला जवळजवळ टेकून उभा होता. माणसाच्या बोलण्यासाठी केलेल्या वाटेतून तो संगणकाची माहिती नेत होता, तीही आवाजाचे रूप देऊन. म्हणूनच ती आम्हाला ऐकू येत होती.

बाबांनी फोनच्या स्टुलाच्या खणात एक वही ठेवली होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात तारीख, नेट लावल्याची वेळ, काढल्याची वेळ आणि शेरा असे चार रकाने आखलेले होते. स्थानिक फोनचा पल्स, म्हणजे एक युनिट पडायला लागणारा वेळ, तेव्हा तीन मिनिटांचा होता. म्हणजे तासाला २० युनिट, आणि युनिटाला १ रुपया २० पैसे धरले तर २४ रुपये, शिवाय इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे. बाबा बँकेत होते आणि हिशेब हा त्यांच्या दृष्टीने आपलेपणाचाच एक प्रकार होता. वहीत लिहिण्यावरून त्यांनी आम्हाला कधी टोकले नाही, फक्त लिहायला विसरले तर स्वतः अंदाजाने लिहून पुढे प्रश्नचिन्ह करीत. पैसे वाचवण्यासाठी मी पत्रे आधी लिहून ठेवी, मग नेट लावून ती पाठवी, आलेली उतरवून घेई आणि नेट काढून शांतपणे वाची. त्यामुळे मी दोन वेळा वाचत असे, एकदा ओझरते आणि एकदा खरे.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते विदेश संचार निगमाकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली आणि मग ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येऊ लागले. दादा त्या सुमाराला न्यू जर्सीला गेला होता. अमेरिकेला फोन म्हणजे मिनिटाचे दर ऐकूनच बोलणे आखडते घ्यावे लागे. तेव्हा पत्र घरातून थेट जाते आणि त्याच रात्री पोचते याचे आईला केवढे अप्रूप होते! ती सांगे आणि मी रोमन अक्षरांत मराठी टाइप करी, कारण देवनागरीचे प्रत्येकाचे फाँट वेगळे आणि पलीकडे उघडले की नुसत्या खुणा दिसायच्या. आई सांगताना मधेच थांबे आणि "असं नको लिहूस, त्याला काळजी वाटेल," म्हणून वाक्य बदले. आईचे दादाशी असलेले नाते त्या बदललेल्या वाक्यांतून मला जेवढे कळले, तेवढे एरवी कधी कळले नसते.

भाच्याच्या जन्माचा फोटोही त्याच तारेवरून आला. दादाने तो स्कॅन करून पाठवला होता, असेल ४०० केबीचा, आणि त्या रात्रीच्या वेगाने तो पूर्ण उतरायला दोन मिनिटे लागली. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उघडत असे. आधी नुसती पांढरी चादर दिसली, मग काळेभोर जावळ. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. बाबा खुर्ची ओढून अगदी पडद्याशी येऊन बसले होते. कपाळ दिसले तेव्हा आई म्हणाली, "कपाळ आमच्या अण्णांचं." भुवया आल्या, मिटलेले डोळे आले, आणि नाकाच्या शेंड्यावर चित्र थबकले. कुणी काही बोलेना. कोपऱ्यातली दोन चिन्हे विझतात की काय, इकडे माझे लक्ष, आणि बाबांचे बोट नकळत टेबलावर ताल धरून वाजत होते. मग पुन्हा एक पट्टी सरकली, ओठ आले, हनुवटी आली. बाबा म्हणाले, "हनुवटीवर खळी आहे, बघा." पुढे ब्रॉडबँडवर भाचीचा फोटो आला तो टिचकी मारताच संपूर्ण उघडला. आई "आला? इतक्यात?" म्हणाली आणि कौतुकाने पाहत राहिली, पण कपाळ कुणाचे आणि नाक कुणाचे, हे त्या वेळी कुणाला सुचले नाही. सगळे चेहऱ्यात एकदमच सामावून आले होते.

मे २००१ मधली ती रात्र मात्र मी कधी लिहिली नव्हती.

रत्नागिरीची मावशी, आईची थोरली बहीण, दर उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या घेऊन येई. त्या वर्षी मावसभाऊ तिला रविवारी गाडीने आणून सोडणार होता. त्याला अचानक कामासाठी जावे लागले, आंबे तर पिकायला लागलेले, म्हणून शुक्रवारीच रात्रीच्या एस.टी.ने निघायचे तिने ठरवले आणि स्टँडसमोरच्या बूथवरून आम्हाला फोन लावला. फोन लागेना. नंबर व्यस्त. तिने पुन्हा लावला, पंधरा मिनिटांनी आणखी एकदा लावला, आणि गाडी लागल्यावर ती निघाली. आंबा घाट चढून, कोल्हापूर करून गाडी पहाटे पावणेचारला सांगलीच्या स्टँडवर आली. तिला न्यायला अर्थातच कोणी आलेले नव्हते. बूथ बंद. अंधारात एकटीने रिक्षा करायची तिला धास्ती वाटली. दोन पेट्या एकीवर एक ठेवून, त्यांवर पिशवी ठेवून, ती बाकावर उजाडेपर्यंत बसून राहिली. साडेसहाला रिक्षा दारात थांबली तेव्हा मी अंगणात दात घासत होते. मावशी उतरली, पदराने कपाळ पुसले आणि म्हणाली, "अगं, लाईन लागतच नव्हती काल. म्हटलं, पावसाने बंद पडली की काय." मे महिन्यात पाऊस कुठला! लाईन चांगली होती. तिच्यावर मी होते.

कोणी मला काही बोलले नाही. मावशीने पहिल्या पेटीतला सर्वांत पिकलेला आंबा माझ्याच हातात दिला. पेंढ्याचा आणि हापूसचा तो एकत्र वास आजही आला की माझ्या पोटात खड्डा पडतो. आईने मावशीच्या पायांना तेल चोळले आणि ती बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पुढच्या आठवड्यात बाबांनी एक नवा नियम सांगितला: अर्धा तास नेट झाले की दहा मिनिटे बंद ठेवायचे. मला वाटले, बिल वाढले म्हणून. मी तेव्हा वाद घातला होता, आणि वाद घालताना माझा हिशेब चुकीचा नव्हता. नेट पुन्हा लावले की पल्स नव्याने सुरू होतो. जोडणी पहिल्या खेपेला क्वचितच टिकते. प्रत्येक फसलेल्या खेपेचे एक युनिट पडते. मधे मधे काढल्याने पैसे वाचत नाहीत, उलट जास्तच जातात, हे मी बाबांना वहीतले आकडे दाखवून सिद्ध केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तरी काढत जा."

ब्रॉडबँडचे धोरण सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर केले. सतत चालू राहणारी आणि सेकंदाला किमान २५६ किलोबिट देणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी त्यात व्याख्या होती. आज तीच व्याख्या २ मेगाबिटांवर आहे, पण आम्हाला तेव्हा २५६ हा आकडाच छाती दडपवणारा होता. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी फोनच्या तारेवरून सेवा सुरू केली आणि ती हळूहळू एकेका गावाच्या एक्स्चेंजपर्यंत पोचत गेली. आमच्याकडे आली तेव्हा एक वयस्क लाइनमन आले, सायकलवरून, खांद्याला पिशवी अडकवून. नवी वायर टाकतील, भिंत फोडतील, अशा तयारीने बाबांनी पलंग सरकवून ठेवला होता. त्यांनी पिशवीतून काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक करडी डबी काढली, जुन्या वायरीला जोडली, डबीच्या एका भोकातून फोनला आणि दुसऱ्यातून नव्या मोडेमला तार दिली, आणि म्हणाले, "झालं." बाबांनी विचारले, "पण तार तीच?" "तीच, साहेब. तीच जोडी."

ही 'तीच जोडी' माझ्या मनात घर करून राहिली. तांब्याच्या दोन बारीक तारा, एकमेकींभोवती पीळ दिलेल्या, एक्स्चेंजपासून पिलरपर्यंत, पिलरपासून खांबापर्यंत, खांबापासून आमच्या चौकटीपर्यंत. त्यांच्यावरून वर्षानुवर्षे आम्ही केवळ पहिल्या ४ किलोहर्ट्झचा वापर करीत होतो. तारेची पोच त्याहून कितीतरी जास्त होती. एडीएसएलचे, म्हणजे फोनच्याच तारेवरून ब्रॉडबँड देण्याचे, तंत्र तिच्यावर १.१ मेगाहर्ट्झपर्यंत चढते, म्हणजे बोलण्याच्या पट्ट्याच्या अडीचशेहून अधिक पट. एखाद्या वाड्यात सारा संसार ओसरीवर दाटीवाटीने चाललेला असावा आणि वरचे मजले नुसते कुलूप लावून पडलेले असावेत, तसे हे झाले होते. ती करडी डबी म्हणजे जिन्याचे दार. खालच्या मजल्यावर माणसांनी बोलायचे, वरच्यांवर संगणकांनी, आणि कोणाचा पायरव कोणाला ऐकू जायचा नाही. उंच कंप्रता तांब्यात लवकर विरतात, म्हणून एक्स्चेंजपासून पाचएक किलोमीटरच्या पुढे हे तंत्र फारसे चालत नाही. आम्ही दोन किलोमीटरवर होतो, तेवढे आमचे भाग्य.

या तंत्रातली उतरवण्याची वाट रुंद आणि चढवण्याची अरुंद का, हेही मला पुढे समजले. बेलकोअर या संशोधन संस्थेतल्या जोसेफ लेखलायडर यांना १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सुचले. एकाच जाड केबलमध्ये शेकडो घरांच्या जोड्या शेजारी शेजारी नांदतात आणि एकीचे दुसरीत थोडे झिरपतेच. जुन्या फोनवर मधूनच परक्यांचे बोलणे ऐकू यायचे, त्यातले काही या शेजारामुळे. सगळ्या जोड्या एक्स्चेंजच्या तोंडाशी एकत्र येतात; तिथे निघणारा संकेत जोरदार असतो आणि घराघरांतून येणारा थकून क्षीण झालेला. दोघांना सारखाच वेग देऊ गेले तर जोरदार शेजारी क्षीणाला बुडवून टाकतात. तेव्हा येणाऱ्याची वाट अरुंद आणि खालच्या पट्ट्यात ठेवली की सर्वांचे निभते. शेजाऱ्यांनी कुठे माघार घ्यायची याचा एवढा बारीक विचार कोणीतरी करून ठेवला आहे, आणि आपण त्यावर नुसता मोडेमचा हिरवा दिवा पाहतो, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

त्या दिवसापासून घरात तो आवाज झाला नाही.

मला झालेला आनंद खरा होता आणि तो मी कमी करून सांगणार नाही. मराठी युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागले होते आणि वाचायला रात्री-बेरात्री केव्हाही उघडता येत होते. माझ्या योजनेत महिन्याला ४०० एमबीची मर्यादा होती, म्हणून मी मिनिटांऐवजी एमबी मोजू लागले, पण ती मोजणी माझी एकटीची होती. आईने भाच्याला रांगताना पाहिले, तेही फोन मोकळा असताना. रविवारी सकाळी दादा पडद्यावर असे आणि त्याच वेळी मावशीचा फोन येई, आई एका कानाला रिसीव्हर लावून मावशीला सांगे, "बघ, हा आत्ता हसला." हे ज्या तारेने शक्य केले तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण घरात आणखीही काही बदलले, आणि ते इतके हळूहळू बदलले की नेमका दिवस सांगता येणार नाही. मी नेटवर आहे हे घराला कळेनासे झाले. पूर्वी मोडेमचा आवाज आला की बाबांना आतल्या खोलीत काय चालले आहे ते समजे, आणि चिन्हे विझली की "काय म्हणतोय दादा?" असे ते विचारीत. आता सुरुवात नाही, शेवट नाही. त्यांनी कधी विचारावे हेच उरले नाही. दार उघडे असे, मी समोर बसलेली असे, आणि तरी मी घरात आहे की नाही हे सांगता येत नसे. बाबांनी वही लिहिणे थांबवले. तासांचे पैसे नव्हते, तेव्हा ती लिहिण्याचे कारणच राहिले नव्हते.

बाबा जाऊन आता सहा वर्षे झाली. त्या दिवाळीत भाऊबिजेनंतर तांब्याची जोडणी काढून फायबर घ्यायचे ठरले होते, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी स्टुलाच्या खणात जुनी बिले शोधत होते, आणि त्यांच्या खाली ती निळी वही होती. मी खाली जमिनीवरच बसून ती चाळली. शेऱ्याच्या रकान्यात बाबांचे बारीक, उजवीकडे कललेले अक्षर: 'दादास पत्र', 'परीक्षेचा निकाल', 'बाळाचा फोटो'. मे २००१ चे पान मी मुद्दाम काढले. त्या शुक्रवारी माझ्या अक्षरात '८.५० ते १०.३५' असे लिहिलेले होते. शेरा नव्हता. त्या दिवशी मी इतका वेळ काय करीत होते, ते मला काही केल्या आठवले नाही. पुढच्या आठवड्यापासूनच्या नोंदी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या होत्या, त्या ठाऊकच होत्या. ठाऊक नव्हते ते त्यांच्या मधले. प्रत्येक दहा मिनिटांच्या मोकळ्या जागेत बाबांनी पेन्सिलीने एक लहानशी बरोबरची खूण केलेली होती, आणि काही ठिकाणी खुणेशेजारी एकेक शब्द: 'ताई', 'वसंता', 'बँक', 'राँग नंबर', पुन्हा 'ताई'. त्या दहा मिनिटांत ज्याचा ज्याचा फोन आला, त्याची नोंद. ही पाने पाच वर्षे चालली होती.

मी वही आईकडे नेली. तिने चष्मा लावून पान पाहिले, बोटाने एक-दोन शब्द वाचले. "ते बसायचे ना इथे, तू आत असलीस की. तू नेट काढलंस की रिसीव्हर उचलून बघायचे, टोन येतोय का ते. मग ठेवायचे आणि बसून राहायचे." "मला कधी बोलले नाहीत." "तुला काय बोलायचं त्यात? तुझा अभ्यास होता." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ते गेल्यावर मी बघते उचलून. मधूनच." मग तिने वही मिटली आणि पणत्यांत तेल घालायला उठली, कारण बाहेरच्या दोन विझायला आल्या होत्या.

फायबरवाला मुलगा आला तो शनिवारी. केसाएवढ्या काचेच्या तंतूचे टोक त्याने एका छोट्या यंत्रात धरले, ते दुसऱ्या टोकाला जोडले गेले, आणि भिंतीवर एक पांढरी पेटी लागली. जुना नंबर तसाच राहणार होता. आईने त्याला एकच गोष्ट विचारली, "लाईट गेली तर फोन चालेल ना?" तो म्हणाला, "नाही काकू. याला करंट लागतो. इन्व्हर्टरला जोडून घ्या." तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा दाब येत असे, भारनियमनाच्या त्या वर्षांत सारे घर अंधारात असले तरी फोनमध्ये टोन असे. आई म्हणाली, "बरं, जोडून घेऊ." मुलाने पकडीने जुनी जोडी कापली आणि चौकटीवरचे खिळे काढत वायर गुंडाळत नेली. वायरीखाली झाकली गेलेली भिंतीची एक पांढरी रेघ तेवढी उघडी पडली.

संध्याकाळी मी आतल्या खोलीत पुण्याला परतण्यापूर्वीची कामे करीत होते. बाहेरून आईचा आवाज आला, "लावू का गं फोन? तुझं नेट चालू नाही ना?"

"चालू आहे. पण थांब, आले," असे म्हणून मी बाहेर येऊन तिच्याजवळच्या खुर्चीत बसले. तिने रिसीव्हर उचलला, क्षणभर कानाशी धरून टोन ऐकला आणि नंबर दाबला. मावशी अजूनही ट्रंक कॉलच्या काळातल्यासारखी मोठ्याने बोलते, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द मलाही ऐकू येत होता. "ताई, चकल्या चांगल्या झाल्या गं," आई सांगत होती. "मोहन तू म्हणालीस त्याहून चमचाभर जास्त लागलं. हो, खुसखुशीत झाल्या. ही इथेच बसलीय, बोल."